ब्लॅक फॉरेस्ट, व्होज आणि स्विस घाट: दोघांच्या मोटारप्रवासाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतातून जाणारी आणि नोकरीनिमित्त जर्मनीत राहणारी मराठी जोडपी या प्रवासाविषयी जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दोन विषय एकमेकांना लागून आहेत, तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा प्रवास नेमका कोणत्या मार्गाने करायचा?

फ्रँकफुर्ट किंवा स्टुटगार्टहून निघून बाडेन-बाडेन गाठावे. तेथून बी ५०० हा रस्ता ब्लॅक फॉरेस्ट या नैर्ऋत्य जर्मनीतील अरण्यमय डोंगरपट्ट्याच्या उत्तरेकडील कण्यावरून फ्रॉयडेनश्टाटकडे जातो. हा सुमारे ६० किलोमीटरचा टप्पा म्हणजे या प्रवासाचे प्रवेशद्वार होय. पुढे शिल्टाख, गुटाख, ट्रिबेर्ग आणि फुर्टवांगेन करत दक्षिणेला फेल्डबेर्गपर्यंत उतरता येते. १,४९३ मीटर उंचीचा फेल्डबेर्ग हा आल्प्स वगळता जर्मनीतील सर्वांत उंच डोंगर आहे. फ्रायबुर्गहून ब्रायझाखजवळ ऱ्हाईन ओलांडली की फ्रान्सचा आल्सास प्रांत, त्यातील द्राक्षमळ्यांची गावे आणि त्यांच्यामागे उभी असलेली व्होजची डोंगररांग लागते. दिवस हाताशी असतील, तर बाझेलमार्गे स्वित्झर्लंडमध्ये शिरून सुस्टेन, फुर्का आणि ग्रिमसेल या तीन घाटांची फेरी करावी.

२. किती दिवस लागतील? आम्हाला आठवड्याभरात सगळे बसवायचे आहे.

आठवड्यात तिन्ही प्रदेश ‘बसतात’, पण मग दोघांपैकी एकाने रस्ता आणि दुसऱ्याने नकाशा एवढेच पाहिलेले असते. आठवडाच असेल, तर स्विस घाट सोडून द्यावेत आणि ब्लॅक फॉरेस्टमध्ये चार व आल्सासमध्ये तीन मुक्काम करावेत, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. बारा-तेरा दिवस मिळाले, तरच स्वित्झर्लंड जोडावे. नकाशावरची अंतरे लहान दिसतात. प्रत्यक्षात खेड्याखेड्यांतून जाणाऱ्या वळणाच्या रस्त्यावर तासाला ४०-५० किलोमीटरपेक्षा अधिक अंतर धरू नये. रोज हॉटेल बदलण्यापेक्षा दोन किंवा तीन गावांत तळ ठोकावा आणि तेथून फिरावे. अरण्य मोटारीतून दिसत नाही, त्यात चालावे लागते. त्यामुळे दिवसातले निदान तीन तास गाडी उभी राहील अशीच आखणी करावी.

३. कोणत्या महिन्यात जावे?

फक्त ब्लॅक फॉरेस्ट आणि आल्सास करायचे असेल, तर मे ते ऑक्टोबर हा सगळाच काळ चांगला आहे. सप्टेंबरअखेर द्राक्षतोडणी चालू असते आणि व्होजच्या उतारांवरील बीचची झाडे रंग बदलू लागतात, म्हणून आम्ही तो काळ पहिल्या पसंतीचा मानतो. स्विस घाट करायचे असतील, तर मात्र जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच जावे. उंच घाट हिवाळाभर बंद असतात आणि ते उघडण्याची तारीख त्या वर्षीच्या बर्फावर ठरते. (घाट ऐनवेळी बंद झाल्यास काय करावे, याविषयी प्रश्न १६ पाहावा.)

४. तीन देश आहेत, तर व्हिसा किती आणि कोणाचा घ्यायचा?

एकच शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील अनेक देशांचा सामाईक व्हिसा, पुरतो. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम असेल, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम समान असतील, तर ज्या देशातून प्रथम प्रवेश होणार, त्याच्याकडे करायचा. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा आवश्यक असतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सुट्टीच्या हंगामात भेटीच्या वेळा मिळणे अवघड होते, म्हणून हा अवधी पुरेपूर वापरावा.

मोटारप्रवासात एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. व्हिसा अर्जाला मुक्कामांची यादी जोडावी लागते. ती आणि प्रत्यक्षातील प्रवास यांत मुख्य देशच बदलेल एवढा फरक नसावा. जर्मनीचा व्हिसा घेऊन बहुतेक रात्री फ्रान्समध्ये काढणे योग्य नाही.

५. आमचे लग्न झालेले नाही. खेड्यातल्या घरगुती हॉटेलात अडचण येईल का? लग्न झाले असून आडनावे वेगळी असतील तर?

दोन्ही बाबतींत मुक्कामाला काहीच अडचण येत नाही. नाते कोणी विचारत नाही. फक्त नोंदणीसाठी पासपोर्ट मागतात. प्रश्न येतो तो व्हिसाच्या वेळी. प्रत्येकाचा अर्ज स्वतंत्र असतो आणि प्रत्येकाने आपला खर्च भागवण्याची सोय दाखवायची असते. जोडीदाराचा खर्च दुसरा करणार असेल, तर तसे पत्र आणि विवाहितांनी विवाहनोंदणीचे प्रमाणपत्र जोडावे. पासपोर्टवर माहेरचे नाव असेल, तर केवळ या प्रवासासाठी ते बदलण्याचे कारण नाही. विमानाचे तिकीट, विमा आणि गाडीचा करार या तिन्हींवर मात्र पासपोर्टवरचेच नाव असावे.

६. आपला भारतीय वाहन परवाना तेथे चालतो का?

मूळ परवाना आणि त्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना असे दोन्ही जवळ ठेवावेत. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओकडून मिळतो, त्याचे शासकीय शुल्क १,००० रुपये आहे आणि त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. हा अर्ज निघण्याआधी पुरेसा वेळ ठेवून करून टाकावा. मूळ परवान्याविना आंतरराष्ट्रीय परवान्याला काही अर्थ नाही, म्हणून मूळ कार्ड घरी ठेवून जाऊ नये.

जर्मनीत राहायला गेलेल्यांचा नियम वेगळा आहे. तेथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच भारतीय परवान्यावर गाडी चालवता येते. त्यानंतर जर्मन परवाना काढावा लागतो. भारतातून आईवडील आले आणि त्यांच्यापैकी कोणी गाडी चालवणार असेल, तर त्यांना पर्यटकाचा नियम लागू होतो, तुम्हाला मात्र रहिवाशाचा.

७. आम्ही दोघेही आलटूनपालटून चालवणार आहोत. गाडी घेताना काय पाहावे?

दोघांचीही नावे करारात लिहून घ्यावीत. पतिपत्नी आहोत म्हणजे दुसऱ्याचे नाव आपोआप धरले जाईल, असे गृहीत धरू नये. करारात नाव नसलेल्या व्यक्तीच्या हातून अपघात झाला, तर विम्याचे संरक्षण मिळत नाही. क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचे लागते आणि डेबिट कार्ड अनेक ठिकाणी नाकारले जाते. कोणकोणत्या देशांत गाडी नेणार, हे आरक्षण करतानाच कळवावे.

गाडी शक्यतो ऑटोमॅटिक घ्यावी. साध्या गाडीत गिअर उजव्या हाताला येतो आणि रस्त्याची बाजू बदललेली असताना ही दुसरी सवयही बदलावी लागते. गाडी लहानच घ्यावी. खेड्यांतील रस्ते अरुंद असतात आणि दोघांना दोन बॅगांपुरतीच जागा लागते.

८. उजव्या बाजूने गाडी चालवण्याची भीती वाटते. सवय किती लवकर होते?

हमरस्त्यावर सवय लगेच होते, कारण समोरची वाहने आपोआप शिस्त लावतात. धोका असतो तो रिकाम्या रस्त्यावर. सकाळी खेड्यातल्या अंगणातून गाडी काढताना, पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना किंवा जंगलात फोटो काढून पुन्हा निघताना हात नकळत डावीकडे वळतात. अशा प्रत्येक वेळी शेजारी बसलेल्याने ‘उजवीकडे’ असे मोठ्याने म्हणावे, हा दोघांनी आधीच ठरवून घेतलेला नियम असावा. विशेषतः डावे वळण घेताना पलीकडच्या उजव्या मार्गिकेत शिरायचे असते आणि वर्तुळाकार चौकात घड्याळाच्या उलट दिशेने जायचे असते.

त्याहून महत्त्वाचा नियम जर्मन खेड्यांत पाळावा लागतो. ज्या तिठ्यावर किंवा चौकात कोणतीही पाटी अथवा सिग्नल नाही, तेथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते, मग आपण मोठ्या रस्त्यावर असू आणि तो छोट्या गल्लीतून येत असला तरीही. आपल्याकडे मोठ्या रस्त्यावरचा चालक स्वतःला हक्कदार समजतो, म्हणून ही चूक सहज होते. फ्रान्समधील जुन्या गावांतही हाच नियम भेटतो.

वेगमर्यादा वस्तीत ५० आहे, पण अनेक गल्ल्यांत ३० ची पाटी असते. वस्तीबाहेर जर्मनीत १००, फ्रान्समध्ये साधारणतः ८० आणि स्वित्झर्लंडमध्ये ८० आहे. स्विस महामार्गावर १२०. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये गावाच्या नावाची पाटी दिसली की वस्तीची मर्यादा लागू झाली असे समजावे, कारण वेगळी पाटी बहुधा नसते. स्वित्झर्लंडमध्ये दिवसाही दिवे लावून चालवणे बंधनकारक आहे आणि तेथील दंड जड असतात.

महामार्गावर वाहतूक तुंबू लागताच सर्वांत डावीकडच्या मार्गिकेतील वाहनांनी आणखी डावीकडे आणि बाकी सर्वांनी उजवीकडे सरकून रुग्णवाहिकेसाठी मधोमध वाट मोकळी ठेवायची असते. सायरन ऐकू येण्याची वाट पाहायची नसते. हा नियम जर्मनीत फार काटेकोरपणे पाळला जातो, आणि तो पाहताना मन भरून येते.

९. ताम्हिणी, आंबोलीत गाडी चालवलेली आहे. आल्प्सचे घाट वेगळे आहेत का?

चढ आणि वळणे घाटात मुरलेल्या चालकाला अवघड वाटणार नाहीत. ज्या गिअरमध्ये चढावे त्याच गिअरमध्ये उतरावे, ही आपल्या चालकांची शिकवण तेथेही तंतोतंत लागू पडते. ब्रेकवर पाय ठेवून उतरलेल्या गाडीचे ब्रेक तापून निकामी होतात. ऑटोमॅटिक गाडीतही हाताने खालचा गिअर निवडता येतो, तो कसा हे गाडी ताब्यात घेतानाच विचारून घ्यावे.

वेगळेपण आहे ते उंचीत आणि शिस्तीत. फुर्का २,४२९ मीटरवर आहे, सुस्टेन २,२२४ मीटरवर. म्हणजे कळसूबाईच्या १,६४६ मीटरांपेक्षाही रस्ताच कितीतरी उंच जातो. खाली ऊन असताना वर धुके आणि गारा असू शकतात, म्हणून उबदार कपडे डिकीत नव्हे, मागच्या सीटवर ठेवावेत. अरुंद रस्त्यावर समोरासमोर आल्यास चढणाऱ्याला प्राधान्य असते आणि उतरणाऱ्याने थांबायचे किंवा मागे घ्यायचे असते. निळ्या पाटीवर पिवळे शिंग दिसले, तर तो स्विस टपालसेवेच्या पिवळ्या प्रवासी बसचा, म्हणजे पोस्टबसचा मार्ग आहे. वळणाआधी तिचा तीन सुरांचा भोंगा ऐकू येतो. तो ऐकताच जागा द्यावी आणि बसचा चालक जी खूण करील ती पाळावी.

तीन घाटांची फेरी इन्नर्टकिर्खेनहून सुस्टेन, वासेन, आंदरमाट, फुर्का, ग्रिमसेल अशी सुमारे १२० किलोमीटरची आहे. एका दिवसात ती होते, पण सकाळी लवकर निघावे. १९३८ ते १९४५ या काळात बांधलेला सुस्टेनचा रस्ता मुळापासून मोटारींसाठीच आखलेला असल्याने त्याची वळणे ऐसपैस आहेत, म्हणून नवख्यांनी त्यापासूनच सुरुवात करावी. फुर्काच्या उतारावर ऱ्होन हिमनदीचे उरलेले टोक दिसते. उन्हाळ्यात तिचा काही भाग पांढऱ्या कापडांनी झाकतात, जेणेकरून बर्फ वितळण्याचा वेग कमी व्हावा. एकोणिसाव्या शतकात ही हिमनदी खालच्या ग्लेटशच्या दरीपर्यंत पोहोचत होती. ते अंतर डोळ्यांनी मोजल्यावर हवामानबदलाचे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

१०. टोल कोठे भरावा लागतो?

जर्मनीत मोटारींना टोल नाही. आल्सासमधील ए ३५ महामार्गही विनाशुल्क आहे, मात्र स्ट्रासबुर्गला पश्चिमेकडून वळसा घालणाऱ्या ए ३५५ वर टोल लागतो. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी ४० फ्रँकचा वार्षिक परवाना घ्यावा लागतो. एका दिवसाचा मिळत नाही. तो आता गाडीच्या क्रमांकावर ऑनलाइनही घेता येतो, म्हणून भाड्याच्या गाडीचा क्रमांक हाती पडल्यावर सीमेपूर्वी तो घ्यावा. नसल्यास २०० फ्रँक दंड आणि वर परवान्याची किंमत. घाटरस्त्यांना तो लागत नाही, पण तेथवर पोहोचताना महामार्ग टाळणे अवघड असते.

११. ब्लॅक फॉरेस्टमध्ये झाडांशिवाय पाहायचे काय?

हा प्रश्न सर्वाधिक येतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत. हे अरण्य माणसाने घडवलेले, मोडलेले आणि पुन्हा लावलेले आहे. ते तसे पाहिले की प्रत्येक वळणावर काही सापडते. मूळचे बीच आणि फर यांचे मिश्र जंगल काच कारखाने, कोळसा आणि लाकूडव्यापार यांसाठी अठराव्या-एकोणिसाव्या शतकापर्यंत इतके तोडले गेले की अनेक डोंगर उघडे पडले. नंतर लवकर वाढणाऱ्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची लागवड झाली, आणि आज दिसणारा दाट काळपट रंग बऱ्याच अंशी त्या लागवडीचा आहे. २६ डिसेंबर १९९९ रोजी ‘लोथार’ वादळाने या उंच एकसुरी लागवडीचे पट्टेच्या पट्टे आडवे केले. बी ५०० लगतच्या ‘लोथार’ पायवाटेवर पडलेली झाडे मुद्दाम तशीच ठेवली आहेत आणि त्यांच्यामधून नवे जंगल आपोआप कसे उगवते, ते लाकडी पुलांवरून चालत पाहता येते. ही वाट लहान आहे, पण संपूर्ण प्रवासात एकच थांबा घ्यायचा झाला, तर तो येथे घ्यावा. २०१४ मध्ये या उत्तर भागात राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले.

शिल्टाखला लाकडी सांगाड्याच्या घरांचा उतरता बाजारचौक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत येथील तराफेवाले प्रचंड ओंडके एकत्र बांधून किंझिग नदीतून ऱ्हाईनमध्ये आणि तेथून थेट हॉलंडपर्यंत नेत असत. गुटाखच्या उघड्यावरील संग्रहालयात १६१२ सालचे फोग्ट्सबाउअर्नहोफ हे घर मूळ जागी उभे आहे. माणसे, गुरे आणि गवत एकाच अवाढव्य छपराखाली असत. छप्पर जमिनीपर्यंत झुकलेले, म्हणजे बर्फ बाहेर आणि गुरांची ऊब आत. कोकणातील चौपाखी घर पावसासाठी जसा विचार करते, तसाच विचार येथे बर्फासाठी केलेला दिसतो. हे संग्रहालय हिवाळ्यात बंद असते.

ट्रिबेर्गचा धबधबा एकूण १६३ मीटरचा असून अनेक टप्प्यांत कोसळतो. पायथ्याशी गर्दी असते, वरच्या टप्प्यांकडे ती विरळ होते. टिटिझे या तलावावर सहलींच्या बस थांबतात. तेथे तासाभरापेक्षा अधिक वेळ देऊ नये आणि तो वाचवून झांक्ट मेर्गेन किंवा झांक्ट पेटर या पठारावरील गावांत चालायला जावे.

१२. कुकू घड्याळ (ठोके देताना लाकडी कोकीळ बाहेर येते ते) घ्यायचे आहे. खरे कसे ओळखावे?

यांत्रिक घड्याळाला साखळ्या आणि पाइनच्या फळाच्या आकाराची वजने असतात आणि ती खरोखर यंत्र चालवतात. बॅटरीवरच्या घड्याळात ती शोभेपुरती असतात. यांत्रिक घड्याळासोबत ब्लॅक फॉरेस्ट घड्याळ संघटनेचे प्रमाणपत्र मागावे. घेण्याआधी फुर्टवांगेनचे जर्मन घड्याळ संग्रहालय पाहावे. तेथील घड्याळशाळेचे प्रमुख रोबेर्ट गेर्विग यांनी १८५० मध्ये नव्या रचना मागवल्या आणि त्यांतून रेल्वे चौकीदाराच्या घरासारखी, आज सर्वपरिचित असलेली आकृती पुढे आली. याच गेर्विग यांनी ब्लॅक फॉरेस्टमधील रेल्वेमार्गही बांधला. तो १८७३ मध्ये पूर्ण झाला.

१३. राहण्यासाठी हॉटेल बरे की घर? खेड्यात कोणते नियम असतात?

स्वयंपाकघर असलेले सुट्टीघर सर्वांत सोयीचे. शेतकऱ्याच्या घरी मिळाले तर उत्तमच, कारण दूध, अंडी आणि वाटांची माहिती घरातच मिळते. ब्लॅक फॉरेस्टमधील अनेक गावांत पाहुणेकर भरल्यावर यजमान ‘कोनुस’ कार्ड देतात. त्यावर परिसरातील बस आणि लोकल गाड्या विनाशुल्क आहेत, म्हणून एखादा दिवस गाडी ठेवून दोघांनीही खिडकीबाहेर पाहावे.

रविवारी जर्मनीत दुकाने बंद असतात. काही बेकऱ्या सकाळी थोडा वेळ उघडतात. शनिवारी दुपारपर्यंत किराणा भरून ठेवावा. खेड्यातील खानावळींना आठवड्यातून सुट्टीचा वार असतो, दुपारी स्वयंपाकघर बंद होते आणि रात्री नऊनंतर गरम जेवण मिळणे कठीण. रोख युरो जवळ ठेवावेत.

१४. आम्ही शाकाहारी आहोत. काय मिळेल आणि घरून काय नेता येईल?

चीज घातलेले श्पेत्सले हे शेवयांसारखे पदार्थ सर्वत्र मिळतात आणि पोट भरते. सूप मात्र भाज्यांचे दिसले तरी बहुधा मांसाच्या रश्शात केलेले असते, म्हणून विचारून घ्यावे. आल्सासची पातळ भाकरीसारखी तार्त फ्लांबे सहसा डुकराच्या मांसाच्या तुकड्यांसह येते. त्याशिवाय करून मागितल्यास बहुतेक जण देतात. ब्लॅक फॉरेस्ट केकमध्ये चेरीची दारू असते. जर्मनीत तिच्याशिवाय त्या नावाने तो विकता येत नाही, तेव्हा मद्य वर्ज्य असणाऱ्यांनी तो टाळावा.

घरून नेण्याचा नियम कडक आहे. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे, म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंड आणि साजूक तूपही नाही. ताज्या फळांना रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. केळी, अननस, नारळ अशी मोजकी फळे त्यातून वगळली आहेत, हापूस त्यांत नाही. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, पोहे आणि तेलात केलेल्या चटण्या नेता येतात.

१५. जंगलात चालताना जनावरांचा धोका आहे का?

खरा धोका गोचिडींचा आहे. दक्षिण जर्मनीत त्यांच्यामुळे लाइम रोग आणि मेंदूदाह होऊ शकतो. मेंदूदाहावर लस आहे, लाइमवर तेथे सर्रास वापरली जाणारी लस नाही. पूर्ण बाह्या, पायमोज्यांत खोचलेली विजार आणि संध्याकाळी एकमेकांचे गुडघ्यामागचे, काखेतले, मानेवरचे भाग तपासणे एवढे नेमाने करावे. गोचीड दिसल्यास चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ ओढावी; तेल लावू नये. पुढच्या काही आठवड्यांत लाल वर्तुळ पसरत गेल्यास डॉक्टरांना दाखवावे.

गाडी चालवताना पहाटे आणि तिन्हीसांजेला हरणे रस्त्यात येतात. धडक झाली तर गाडी बाजूला घेऊन, पिवळे-केशरी जाकीट घालून, त्रिकोण ठेवून पोलिसांना कळवावे. विम्यासाठी त्यांची नोंद लागते. आपत्कालीन क्रमांक तिन्ही देशांत ११२.

१६. आरक्षण झाले आणि घाट बर्फामुळे बंद झाला, तर?

फुर्काला पर्याय आहे: घाटाच्या दोन बाजूंच्या रेआल्प आणि ओबरवाल्ड या गावांदरम्यान मोटारी वाहून नेणारी रेल्वे १५ किलोमीटरच्या बोगद्यातून वर्षभर जाते. सुस्टेन आणि ग्रिमसेलला लांब वळसाच घ्यावा लागतो. म्हणून घाटांच्या पलीकडे त्याच रात्रीचा, रद्द न होणारा मुक्काम ठेवू नये. व्होजच्या माथ्यावरचा रस्ताही हिवाळ्यात काही भागांत बंद असतो. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या तोफांच्या नजरेआड राहावा म्हणून फ्रेंच सैन्याने तो माथ्याच्या पश्चिम उतारावरून काढला.

नोव्हेंबर ते मार्च या काळात जात असल्यास डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह असलेले टायर गाडीला आहेत ना, हे लेखी विचारावे; जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर ते आणि फ्रान्सच्या अनेक डोंगराळ जिल्ह्यांत ते किंवा बर्फासाठीच्या साखळ्या आवश्यक असतात.

१७. आमचा व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे. स्वित्झर्लंडमध्ये जाऊन जर्मनीत परतलो, तर तो संपेल का?

नाही. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले तरी शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे तेथे जाणे म्हणजे क्षेत्राबाहेर जाणे नव्हे. सीमाशुल्काची तपासणी मात्र होऊ शकते, आणि सप्टेंबर २०२४ पासून जर्मनी आपल्या सर्व भूसीमांवर पासपोर्टही तपासत आली आहे. पासपोर्ट हॉटेलात ठेवून दिवसाच्या फेरीला जाऊ नये.

मोबाइलच्या बाबतीत उलट आहे. युरोपीय संघाच्या सिमकार्डाचे विनाशुल्क रोमिंग स्वित्झर्लंडला आपोआप लागू होत नाही, आणि ऱ्हाईनकाठच्या जर्मन गावांतही फोन पलीकडचे स्विस नेटवर्क पकडतो. सीमेजवळच्या मुक्कामात नेटवर्कची निवड हाताने करावी आणि घाटांचे नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावेत.